अकरा ओळींचा कागद

कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. वहीतून फाडलेलं पान. चिकटपट्टी पिवळी पडली आहे आणि खालचा एक कोपरा सुटून वर वळला आहे. त्यावर माझ्या अक्षरात अकरा ओळी आहेत. त्यातल्या सात ओळींवर रेघ मारलेली आहे. सहा रेघा माझ्या, एक बायकोची.

चार वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. सामान बांधायला घेतलं तेव्हा आमच्या मालकीचं सगळं पहिल्यांदाच एका वेळी जमिनीवर मांडलेलं पाहिलं. चार्जरच्या सात वायरी. किमतीची चिठ्ठीही न काढलेले शर्ट. झाकणं हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं. दोन दिवस मी कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या भरत होतो, दाराबाहेर ठेवत होतो आणि सकाळी त्या नाहीशा होत होत्या. तिसऱ्या दिवशी दाराबाहेरची मोकळी जागा पाहून हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. एवढं सगळं गेलं कुठे, हा साधा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता, हे तिथे उभा असताना कळलं. ‘टाकून दिलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा टाकलं कुठे हे त्या वाक्यात कधीच येत नाही.

नव्या घरातल्या पहिल्याच रात्री तो कागद लिहिला. प्लास्टिक वापरणार नाही. अन्न वाया घालवणार नाही. वर्षभर नवा कपडा घेणार नाही. पाच मिनिटांत अंघोळ उरकेन. जवळच्या अंतराला गाडी काढणार नाही. ओल्या कचऱ्याचं खत घरीच करेन. फोन चालतो आहे तोवर बदलणार नाही. आणखी चार ओळी. लिहिताना मन भरून आलं होतं, ते आजही आठवतं. त्या रात्री मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

पहिल्या महिन्यातच चार ओळी गेल्या.

सर्वांत आधी प्लास्टिकची. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोडली, कारण औषधाची स्ट्रिप हवी होती. मग पाहत गेलो तर टूथपेस्टची ट्यूब, पेनाची रिफिल, विजेच्या वायरवरचं आवरण, माझ्या चष्म्याची काच, अंगावरच्या शर्टातला अर्धा धागा, सगळं प्लास्टिकच. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं आणि त्यातलं ६३० कोटी टन तोवर कचराही झालं होतं. त्या कचऱ्यापैकी फक्त ९ टक्के पुनर्वापरात गेला, १२ टक्के जाळला गेला. उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर पडून आहे. हे आकडे वाचले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण किती क्षुद्र. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा वाटलं की वाक्यच चुकलं आहे. ज्या गोष्टीला माझा हात पोहोचतच नाही, तिच्याबद्दल मी शब्द दिला होता. तो संकल्प नव्हता, ती तक्रार होती, फक्त ‘मी’ने सुरू होणारी. मी तिच्यावर रेघ मारली.

घरी साबण करण्याची ओळ दोन रविवारांत संपली. कपड्यांची ओळ चौथ्या आठवड्यात गेली. पण एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं हे त्या निमित्ताने कळलं आणि मी बटण लावायला, उसवलेली शिवण घालायला शिकलो. अंघोळीचं घड्याळ मला पहिल्या आठवड्यातच जाचू लागलं होतं.

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण मला त्या महिन्यात फार टोचली. घरातल्यांनी ती उच्चारली नाही, पण मला ऐकू येत होती. मग कधीतरी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास वाचनात आला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी कृती निवडायला सांगितली होती, म्हणजे ठरावीक वेळी पाणी पिणं किंवा थोडं धावणं, आणि ती आपोआप होऊ लागायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं. सरासरी निघाली ६६ दिवसांची. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब आला. म्हणजे आपली म्हण नऊ दिवसांवर थांबते आणि खरी वाट त्यानंतर आणखी सत्तावन्न दिवसांची असते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटली: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

हे आधी माहीत असतं तर दोन-तीन ओळी कदाचित वाचल्या असत्या. आपण ‘संकल्प मोडला’ म्हणतो, जणू तो काचेचा पेला आहे. एकदा हातातून सुटला की केरसुणीच आणायची. मी तेच केलं. एक दिवस चुकलो की रेघ ओढून मोकळा झालो. खरं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जायचं होतं.

गाडीची ओळ टिकली, त्याचं श्रेय माझ्या मनोबलाला नाही, किल्लीला आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलेली एक साधी कल्पना आहे: ‘मी अमुक करेन’ एवढंच ठरवू नका, ‘अमुक वेळ आली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करेन’ असं ठरवा. पूर्वी गाडीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असायची आणि बूट आतल्या खोलीत. मी अदलाबदल केली. बूट दाराशी आले, किल्ली आतल्या खोलीतल्या वरच्या फळीवर गेली. ती काढायला खुर्ची ओढावी लागते. ग्रंथालय पंधरा मिनिटांवर आहे. खुर्ची ओढायची की बूट घालायचे, एवढाच प्रश्न उरला आणि दहातल्या नऊ वेळा बूट जिंकतात. पाऊस असेल, आईला सोबत न्यायचं असेल, तर किल्ली काढतो. त्याचं मला काही वाटत नाही.

पिशव्यांचं मात्र लाजिरवाणं आहे. ‘कापडी पिशवी नेईन’ असं लिहिलं आणि पुढच्या दीड वर्षात घरात चौदा कापडी पिशव्या झाल्या. पिशवी विसरलो की नवी कापडी पिशवी घ्यायची, आणि घेताना आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं वाटायचं. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब मांडला होता. प्लास्टिकच्या साध्या पिशवीशी बरोबरी करायची तर साधी सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने ५२ वेळा वापरावी लागते. पाणी, जमीन, ओझोन असे सगळेच परिणाम धरले तर ७,१०० वेळा. रस्त्यावर, नदीत, समुद्रात पडणाऱ्या पिशवीने होणारं नुकसान त्या हिशोबात नव्हतं, म्हणून प्लास्टिकची पिशवी चांगली असा अर्थ मी काढत नाही. पण माझ्या चौदा पिशव्या मिळून एक लाख फेऱ्या होतात, आणि तेवढं आयुष्य मला नाही, हे खरं. आता पाठीवरच्या सॅकमध्ये दोन पिशव्या घडी घालून कायम असतात, बाकीच्या वाटून टाकल्या. या ओळीवरही रेघ आहे. पण ती हरल्याची नाही. जे न आठवता होतं, त्याला संकल्प कशाला म्हणायचं?

आता बायकोच्या रेघेबद्दल.

सातवी ओळ होती: ‘स्वयंपाकघरात कागदी रुमाल आणायचे नाहीत, कापडी फडकी वापरायची.’ मला ती सर्वांत सोपी वाटली होती. जुन्या चादरी फाडून मी एका दुपारी तीस फडकी कापली, कडा दुमडून शिवल्या, एका टोपलीत घड्या घालून ठेवल्या. महिनाभर ती टोपली रोज सकाळी भरलेली दिसायची आणि मला समाधान वाटायचं. मग एकदा रात्री अकराच्या पुढे पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात दिवा होता. ती सिंकपाशी उभी राहून तेलकट फडकी गरम पाण्यात चोळत होती. दिवसभर काम करून आलेली, दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं असलेली.

“झोपली नाहीस अजून?”

“ही उद्या तुला कोरडी हवीत ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मग फडकं पिळता पिळता म्हणाली, “कागदावर ‘मी’ कुठेच लिहिलेलं नाहीस तू. ‘आणायचे नाहीत’, ‘वापरायची’. कोणी?”

सकाळी कपाट उघडलं तर सातव्या ओळीवर निळ्या पेनाची सरळ रेघ होती, पट्टी लावून मारल्यासारखी.

मी तो कागद पुन्हा त्या नजरेने वाचला. अकरा ओळींतल्या पाच ओळींचे कष्ट माझ्या वाट्याला येतच नव्हते. सुटं सामान आणलं की बरण्या धुणं, वाळवणं, भरणं तिच्याकडे. टाकाऊ वस्तू नको म्हटलं की टिकाऊ वस्तूची निगा तिच्याकडे. वापरा-आणि-फेका वस्तू घरात आल्या त्या केवळ आळसाने नाही. कुणाचे तरी हात थकले होते म्हणूनही आल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत जाणाऱ्या एकूण तासांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक तास बायकांचे असतात. त्या तराजूत न बघता हिरवे संकल्प केले की पृथ्वीवरचा भार उचलून तो घरातल्याच एका माणसाच्या खांद्यावर ठेवल्यासारखं होतं. पर्यावरणावरच्या कितीतरी लेखांत ‘एवढं तर आपण करूच शकतो’ असं वाक्य येतं. ते वाचलं की मी हल्ली थबकतो आणि ‘आपण’ म्हणजे कोण, हे शोधतो.

आता फडकी मी धुतो. रात्री नाही, रविवारी सकाळी, एकदम. तीस पुरत नाहीत म्हणून कधी कधी कागदी रुमालही येतात. सातव्या ओळीवरची रेघ तशीच आहे, ती मी खोडलेली नाही.

खताची ओळ मात्र पहिल्यापासून माझीच होती आणि तिने मला सगळ्यांत जास्त शिकवलं.

सुरुवात वाईट झाली. झाकणाचे दोन मोठे डबे घेतले, बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली आणि ओला कचरा टाकत गेलो. देठं, सालं, उरलंसुरलं. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा आलेला वास अजून नाकात आहे. खाली काळं पाणी साचलेलं, वरच्या थरात पांढऱ्या अळ्यांची वळवळ. वरच्या मजल्यावरून निरोप आला, “तुमच्याकडे काही मेलंय का?” मी सगळं पिशवीत भरून टाकून द्यायला निघालो होतो. पण टाकायचं कुठे, हाच तर प्रश्न होता, म्हणून थांबलो आणि काय चुकलं ते वाचायला बसलो.

चुकलं होतं ते एवढंच, की मी फक्त ओलं घालत होतो. कुजणं दोन प्रकारचं असतं. हवा मिळाली तर एका जातीचे जिवाणू काम करतात. त्यांच्या कामातून ऊब, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे माती उरते. हवा कोंडली तर दुसरे जिवाणू वरचढ होतात आणि मग दुर्गंधी येते, मिथेन तयार होतो. जिवाणूंचं जेवणही बेताचं असावं लागतं: नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस-तीस भाग. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, कार्बन कमी. तो भरून काढायला सुकी पानं, फाडलेला पुठ्ठा, भुसा लागतो. हे कोरडं ओल्यातलं जादा पाणी पितं आणि दोन कणांमध्ये हवेला जागाही ठेवतं.

तेव्हापासून डब्याशेजारी सुक्या पानांचं पोतं आलं. एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी सुकं. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करायचं. मूठभर उचलून दाबायचं. बोटांतून पाणी गळलं तर सुकं वाढवायचं, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुरलं तर थोडं पाणी शिंपडायचं. पिळलेल्या स्पंजाइतका ओलावा हवा. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते हाताला. अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या होत्या, त्या कुणाला इजा करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खाऊन टाकतात. पहिल्यांदा शहारा आला होता. आता त्या दिसल्या की डबा जिवंत आहे असं वाटतं.

मोठ्या ढिगात उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. आमच्या डब्यात तेवढी कधी होत नाही, पण थंडीच्या दिवसांत सकाळी काठी घातली की आतून वाफ येते. माझा मुलगा ती वाफ बघायला उठतो. चौथ्या महिन्यात पहिल्या डब्याच्या तळाचं उपसलं. काळं, भुसभुशीत. नाकाशी नेलं तर पहिल्या पावसानंतर जमिनीतून येतो तसा वास. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि मातीतले जिवाणूच ते बनवतात. पावसाच्या वासावर आपण इतकं लिहितो, गातो. तो आपल्या डब्यात, आपण नको म्हणून टाकलेल्या गोष्टींतून येऊ शकतो, हे मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. मुलाने ओंजळभर खत घेतलं आणि विचारलं, “यात ते सगळं आहे?” आहे, म्हटलं. तो बराच वेळ ओंजळीत बघत राहिला.

पण या डब्याने मला एक दुसरी गोष्टही दाखवली, आणि ती सुखाची नव्हती. कचरा काळ्या पिशवीत जायचा तेव्हा तो एकजिनसी कचरा होता. डब्यात रोज हाताने घालू लागलो तेव्हा काय घालतो ते दिसू लागलं. अख्ख्या, न कापलेल्या भाज्या. अर्ध्यावर उघडून फ्रिजच्या मागच्या भिंतीशी गेलेलं पाकीट. दोन महिने मी टाकलेल्याची नोंद ठेवली, शेजारी कारण. ‘ताटात उरलं’ फार कमी वेळा होतं. ‘मागे राहिलं, दिसलं नाही’ हेच पुन्हा पुन्हा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, म्हणजे ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाइतकं. त्यातलं साठ टक्के दुकानांनी किंवा खाणावळींनी नाही, घरांनी टाकलं. माणशी वर्षाला ७९ किलो. ते कचऱ्याच्या डोंगरात दबून कुजलं की मिथेन सुटतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट ताप धरतो.

खत झालं म्हणून अन्न वाया गेलं नाही, असं मी स्वतःला काही महिने समजावत होतो. ते खरं नाही. त्या भाजीला दिलेलं पाणी, खत, ती वाहून आणणारं इंधन, ती पिकवणाऱ्याचे दिवस, यातलं काहीच माझ्या डब्यातून परत जात नाही. म्हणून आता डबा जितका उशिरा भरेल तितकं बरं वाटतं. फ्रिजमधली मधली फळी, डोळ्यांसमोर येते ती, ‘आधी हे संपवा’ची आहे. काचेचेच डबे, म्हणजे आतलं दिसतं. एवढ्याने निम्मं कमी झालं.

अंघोळीची ओळ हरलो म्हणून सांगितलं, पण तिची गोष्ट तिथे संपली नाही. विजेबद्दलही एक ओळ होती: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करेन. ती मी निष्ठेने पाळत होतो, घरातल्यांच्या मागे लागून त्यांनाही भंडावत होतो. एकदा कागदावर गणित केलं. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा पन्नास तास जळतो. म्हणजे दहा मिनिटं चुकून राहिलेल्या दिव्यावरून मुलाला रागावून मी स्वतः गरम पाण्याखाली निवांत उभा राहत होतो. डोळ्यांना दिवा दिसतो, पाण्यातली ऊब दिसत नाही, म्हणून आपला राग दिव्यावर निघतो. दुसऱ्या दिवशी शॉवरचं तोंड बदललं. बादली लावून मोजलं: पूर्वी मिनिटाला अकरा लिटर, आता सहा. नळांना एरेटरच्या, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या, जाळ्या बसवल्या. हे काम एका दुपारचं होतं आणि त्यासाठी मला रोज चांगलं वागावं लागत नाही. घड्याळ लावून अंघोळ करणाऱ्याला मी मान देतो, पण एकदा करून विसरता येतील अशा गोष्टी आधी शोधाव्यात, असं माझं मत झालं आहे. मनाचा जोर रोज नवा आणावा लागतो आणि तो इतरही पुष्कळ ठिकाणी लागतो. दोन्ही ओळींवर मी रेघ मारली.

यात एक खाच आहे, ती विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच दाखवली होती. वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. यंत्रं परवडू लागली, वाढली आणि कोळसा आणखी जळला. पाणी आता कमी लागतं म्हणून दहा मिनिटं जास्त उभा राहिलो, तर तोच जेव्हन्स माझ्या न्हाणीघरात हजर.

एक मित्र आहे, अभ्यासू, या विषयात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचलेला. त्याने हा कागद पाहिला आणि म्हणाला, “तुझ्या डब्याने काय होणार आहे? २०२० आठव.” त्याचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला जग जवळजवळ घरात बसलं होतं. विमानं उभी, रस्ते ओस. तेव्हाही जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनीच घटलं, आणि पूर्ण वर्षाची घट पाच टक्क्यांच्या आसपास भरली. वीजकेंद्रं, पोलादाच्या भट्ट्या, सिमेंट, तापवलेली घरं चालूच होती. माणसांनी घरात बसूनही जे थांबत नाही, ते माझ्या चालण्याने कसं थांबेल? त्याने हेही आठवण करून दिलं की ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे एका माणसाच्या जगण्यातून हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशोब, हा शब्द घरोघर नेण्यात २००० नंतरच्या दशकातल्या बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. हिशोब माझ्या पायांचा मागायचा, म्हणजे त्यांच्या विहिरींचा कुणी मागत नाही.

मी त्याला त्या दिवशी उत्तर दिलं नाही. नंतर ओझोनची गोष्ट नीट वाचली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की फवाऱ्याच्या डब्यांत आणि फ्रिजमध्ये वापरला जाणारा सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खाऊ शकतो. अमेरिकेत अशा फवाऱ्यांवर बंदी आली १९७८ मध्ये. पण त्याआधीच तिथल्या लोकांनी ते डबे घेणं कमी केलं होतं. विक्री घसरू लागली होती. अंटार्क्टिकावरचं भगदाड तर जगाला १९८५ मध्ये कळलं. १६ सप्टेंबर १९८७ ला अशी रसायनं आवरण्याचा माँट्रियलचा करार झाला आणि २००९ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या प्रत्येक सदस्य देशाने तो मान्य केला. आता अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. डबा न घेणाऱ्या माणसाने ओझोन वाचवला, असं मी म्हणत नाही; तो कराराने, कायद्याने, नव्या रसायनांनी वाचला. पण कायदा आला तेव्हा तो मानायला तयार असलेली घरं आधीच तिथे होती.

आणि एका घराचं दुसऱ्या घराला दिसतं. अमेरिकेतल्या एका हॉटेलात पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरावा म्हणून दोन तऱ्हेच्या पाट्या लावून पाहिल्या होत्या. ‘पर्यावरणासाठी वापरा’ या पाटीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. ‘इथले बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ या पाटीला ४४ टक्क्यांनी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला आमच्या जिन्यात रोज दिसतो. ज्या वरच्या मजल्यावरून ‘काही मेलंय का’ असा निरोप आला होता, त्याच घरातल्या आजी दुसऱ्या वर्षी खाली आल्या आणि म्हणाल्या, “तुझ्याकडची सुकी पानं थोडी देतोस का? माझा डबा फार ओला झालाय.” मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी खताच्या कुंड्या पाहिल्या होत्या. आता इमारतीत पाच डबे आहेत आणि पानांचं पोतं खाली, सगळ्यांचं.

त्यातूनच धीर आला आणि मी इमारतीच्या बैठकीत जिन्यातल्या दिव्यांचा विषय काढला. बारा दिवे, प्रत्येकी ९ वॅटचे, रात्रभर बारा तास. म्हणजे रोज सव्वा युनिटहून जास्त, कुणी जिन्यात असो वा नसो. माणसाची चाहूल लागली की लागणारे दिवे बसवू, एवढंच म्हणालो. बोलताना हात थरथरत होते, कारण मला चारचौघांत बोलायची सवय नाही. अर्ध्या तासात ठरलं. घरातले दिवे विझवत मी दोन वर्षं जेवढी वीज वाचवली असेल, त्याहून अधिक त्या अर्ध्या तासाने वाचू लागली. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग हे लिही ना तुझ्या कागदावर.” लिहिलं. बारावी ओळ, खाली, जागा नव्हती म्हणून तिरकी: बैठकीला जाईन आणि बोलेन.

फोनची ओळ सध्या कठीण चालली आहे. पाच वर्षांचा झाला. मागची काच तडकलेली, आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेला दुपारी दोनला मान टाकतो. आत्तापर्यंत दोनदा नवा घेण्याच्या अगदी जवळ पोहोचलो होतो. फोनच्या आयुष्यातलं बहुतांश प्रदूषण तो आपल्या हातात येण्याआधीच, घडवताना झालेलं असतं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या चौथाईपेक्षा कमी कचऱ्याचंच रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. हे सगळं पाठ असूनही दुकानातला नवा फोन हातात घेतला की बोटांना बरं वाटतं, हेही खरं आहे. परवा मुलाने माझा फोन उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “बाबा, फोन चांगला आहे, फक्त बॅटरी म्हातारी झालीय.” बरोबर आहे त्याचं. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की थकतेच, बाकीचा फोन थकलेला नसतो. दुरुस्तीवाल्याने हव्या त्या मापाची बॅटरी मागवून ठेवली आहे. शनिवारी अकरा वाजता बोलावलं आहे, आणि तिथवर चालत वीस मिनिटं लागतात.